नाशिकच्या थंडीत घरची बाग: पाणी कुणाचं तोडायचं, कुणाला द्यायचं

शेजारच्या रो-हाउसमध्ये नवं बिऱ्हाड आलं ते डिसेंबरात. जानेवारीच्या पहिल्याच रविवारी काकांनी अंगणातल्या सीताफळाला कोयता लावला. एकही पान नाही, काड्या करड्या पडलेल्या, म्हणजे झाड वाळलंच असा हिशेब. दोन फांद्या पडल्या. तिसरीवर घाव बसला आणि आतली साल हिरवीगार, ओली निघाली. "अहो, हे तर जिवंत आहे!" असं म्हणत काका कोयता घेऊन तसेच उभे राहिले. त्याच महिन्यात दोन घरं सोडून एका ताईंचा कुंडीतला कढीपत्ता गेला. त्याला त्या मायेने सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होत्या.

नाशिकच्या थंडीत घरच्या बागेचं नुकसान बहुतेक या दोन प्रकारांनी होतं. झोपलेलं झाड मेलं असं समजून तोडलं जातं, किंवा पेंगणाऱ्या झाडाला पाणी पाजत राहतात. नुसत्या गारठ्याने झाड मेल्याचं मी फार कमी पाहिलंय. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा ८ ते १२ अंशांच्या आसपास खेळतो आणि थंडीची लाट आली की त्याखाली जातो. वर्तमानपत्रात निफाडचा जो हुडहुडी भरवणारा आकडा येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर मोजलेला, उघड्या शेतातला असतो. इंदिरानगरच्या गॅलरीत, सिमेंटच्या भिंतींमध्ये, पारा त्याहून वरच राहतो. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. खालची कामं साधारण त्याच क्रमाने करत गेलात तरी पुरे.

पहिलं काम: कोण झोपलंय, कोण जागं आहे ते बघा

नोव्हेंबरच्या एखाद्या सकाळी चहा घेऊन बागेत फेरी मारा. हातात खुरपी नको, कैची तर नकोच.

सीताफळ, मोगरा आणि अंजीर ही मंडळी थंडीत पानं गाळतात किंवा वाढ थांबवतात. ही झोपलेली. कढीपत्ता, तुळस, जास्वंद, केळ, पपई ही उबेची माणसं. ती झोपत नाहीत, पण कुडकुडत बसतात. नवं पान निघत नाही, जुनं पिवळं पडतं. मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, हरभरा, शेवंती आणि गुलाब यांची मात्र हीच खरी दिवाळी. पेरू या दिवसांत फळाने लगडलेला असतो आणि त्याची गोडी थंडीतच उतरते. आंबा वरून शांत दिसतो, पण आत त्याची मोहोराची तयारी चाललेली असते. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

एखादं झाड मेलं की झोपलं याची शंका आली तर बोटभर जाडीच्या काडीवर नखाने हलकं खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत. तपकिरी आणि कोरडं निघालं तर आणखी खाली, खोडाजवळ खरवडा. टोकं वाळलेली पण बुंधा हिरवा, असं पुष्कळदा असतं. बुंध्यापर्यंत सगळं कोरडं निघालं तरी माझं ऐका आणि एप्रिलपर्यंत थांबा. कोयता काही पळून जात नाही.

दुसरं काम: पाण्याचा हात आखडता घ्या

थंडीत माती हळू वाळते, पानांतून पाणी कमी उडतं आणि मुळं सुस्त असतात. मे महिन्यात रोज पाणी मागणाऱ्या कुंडीला आता तीन-चार दिवसांनी लागतं, प्लॅस्टिकच्या कुंडीला त्याहून उशिरा. वेळापत्रक लावू नका, बोट लावा. बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची. आत गार आणि ओलसर लागलं तर पाणी नाही. वरची माती पांढरी पडली म्हणून फसू नका, आपल्याकडची काळी माती वरून भेगाळते आणि आत चिखल धरून ठेवते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि बोटाने टिचकी मारली की फुटावी, तो आला की पाणी द्यायचं.

वेळ सकाळी नऊ-दहाची, ऊन कुंडीवर आल्यावर. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी पहाटे हाताला चावतं. तेच तुम्ही सातला मुळांवर ओतता. तळटाकीचं पाणी त्यामानाने कोमट असतं, ते मिळालं तर उत्तम. संध्याकाळी झारीने पानं धुण्याची हौस फेब्रुवारीपर्यंत गुंडाळून ठेवा. रात्रभर ओली राहिलेली पानं म्हणजे करप्याला आमंत्रण.

कढीपत्ता किंवा लिंबाची पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण. नाशिकच्या बऱ्याच काळ्या जमिनीत चुनखडी असते, तीत लोह अडकून बसतं आणि गार, ओल्या मातीत मुळांना ते उचलता येत नाही. यावर लोक युरिया टाकतात. नका टाकू. पाणी कमी करा, माती वरवर हलवा आणि ऊन पडू द्या. निम्म्या कुंड्या तेवढ्यानेच सुधारतात. खतही या काळात बेतानेच. नोव्हेंबरात ओंजळभर गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत दिलं असेल, तर भाजीपाला सोडून बाकीच्यांना जानेवारी संपेपर्यंत काही लागत नाही. गार मातीत खत पचवणारे जिवाणूच मंदावलेले असतात.

तिसरं काम: ऊन कुठून येतं ते नव्याने पाहा

नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो दक्षिणेकडे कलतो आणि दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंशच वर चढतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि उत्तरेच्या गॅलरीत थंडीभर एक किरण पडत नाही. उत्तरेकडच्या कुंड्या उचला आणि दक्षिणेला किंवा गच्चीवर न्या. एप्रिलमध्ये बांधलेली हिरवी शेडनेटही काढून घडी करून ठेवा. दरवर्षी "माझ्या मेथीची नुसती काडी का होते?" असं कुणीतरी विचारतं आणि वर बघावं तर शेडनेट तशीच.

चौथं काम: पालेभाज्या, आणि भोगीचा हिशेब

नवख्या माणसाने थंडीत काही एकच करायचं असेल, तर मेथी पेरावी. सहा इंच खोलीचा ट्रे किंवा जुनं थर्माकोलचं खोकं घ्या, तळाला भोकं पाडा. दाणे रात्रभर भिजवा, ओल्या मातीवर दाट पसरा आणि अर्धा इंच माती लोटा. चार-पाच दिवसांत अंकुर दिसतात, महिन्याभरात जुडी हातात. पालक मुळासकट उपटू नका. बाहेरची पानं खुडत गेलात तर तीच रोपं तीन-चार वेळा भाजी देतात.

कोथिंबिरीला मात्र लोक कंटाळतात, कारण ती थंडीत उगवायला दहा-पंधरा दिवस घेते. धन्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया जोडलेल्या असतात. दाणे फरशीवर टाकून चपलेने हलकेच रगडायचे, दोन फाका झाल्या पाहिजेत, भुगा नाही. मग रात्रभर भिजवून पेरायचे. माझी आजी यासाठी पाटावर लाटणं फिरवायची. चप्पल तिला पटली नसती.

हरभऱ्याचं मी आवर्जून सांगतो, कारण शहरातल्या बागेत तो कुणी लावत नाही. बाजारातले साधे मूठभर हरभरे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पसरट कुंडीत टोचा. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडा. तीच हरभऱ्याची कोवळी भाजी, आणि खुडल्यावर रोप बाजूंनी फुटतं. पहाटे दव पडलेलं असताना पानं चाखून बघा, आंबट लागतात. ती आंब पानांवरच्या बारीक लवेतून सुटते. पाणी अगदी कमी द्या, लाड केले की हरभरा नुसता माजतो आणि घाटे धरत नाही. वेळेत पेरला असेल तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत घरचा ओला हरभरा पडतो. वाटाणा आणि गाजर त्याच सुमारास लावलं असेल तर निम्मी भाजी गच्चीवरूनच निघते. वांगं मात्र विकत आणा. ते ऑगस्ट-सप्टेंबरात लावायला हवं होतं.

टोमॅटोची फुलं डिसेंबरात गळू लागली तर रोग समजू नका. रात्री फार गार झाल्या की फळधारणा होत नाही, जानेवारीअखेर ती पुन्हा सुरू होते. आणि स्ट्रॉबेरीची हौस असेल तर पुरवून घ्या. आपल्याच जिल्ह्यात सुरगाण्याच्या डोंगरात ती पिकते, सापुताऱ्याच्या वाटेवर टोपल्या लागलेल्या दिसतात. रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, रोपाचा मधला डोळा मातीच्या वर राहू द्या आणि फळाखाली भाताचा पेंढा अंथरा, म्हणजे फळ मातीला टेकून सडत नाही. इगतपुरी-त्र्यंबककडची भातकापणी उरकलेली असते, पोतंभर पेंढा कुणीही देतं. तोच पेंढा बाकीच्या कुंड्यांवरही घाला.

पाचवं काम: फळझाडं, एकेक करून

आंबा. ऑक्टोबरनंतर मोठ्या आंब्याचं पाणी बंद करायचं, ते कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत. मध्येच भरपूर पाणी दिलंत तर झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. बागेच्या नळाची गळती आंब्याच्या आळ्यात जात असेल तर आधी ती थांबवा. आमच्याकडे तीन वर्षं मोहोर एकाच बाजूला यायचा, त्याचं कारण शेवटी गळका नळ निघाला.

आणखी एक अडचण फक्त आपल्याकडचीच. मार्गशीर्षातले गुरुवार आले की सकाळी फाटक वाजतं. "वहिनी, पाच डहाळे हवेत, एक आंब्याचा द्या ना." आता नाही कसं म्हणणार! पण मोहोर येतो तो पक्व फांदीच्या शेंड्यावर, आणि डहाळा तोडला जातो तोही नेमका शेंडाच. चार गुरुवारांत हाताला लागणाऱ्या उंचीवरचा सगळा मोहोर देवाच्या कलशात जातो. मी उपाय काढलाय. बुधवारी संध्याकाळी खोडावरची आणि आतल्या बाजूची, सावलीतली फुटवी कापून बादलीत ठेवतो. त्यांना मोहोर येणार नसतोच. कलशही सजतो आणि शेजारही राखला जातो.

मोहोर फुटला की पांढरी पिठी, म्हणजे भुरी, आणि तुडतुडे येतात. झाडाखाली उभं राहिल्यावर पानं चिकट लागली आणि टपटप किडे उडाले तर तुडतुडे आहेत असं समजा. मोहोर उमलण्याआधी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, फडक्यातून पिळायची आणि एकूण १ लिटर करायचं. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. फवारताना नाका-डोळ्यांची काळजी घ्या. गंधक आणि निंबोळी तेल एकत्र करू नका, त्यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना काहीच फवारू नका. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, त्यांनाच हाकललं तर कैरी कुठून येणार?

लिंबू. कागदी लिंबाला पावसाळ्याच्या तोंडाला, जून-जुलैच्या सुमारास, फळ हवं असेल तर ताण द्यावा लागतो, म्हणजे काही दिवस पाणी तोडावं लागतं. झाड चार-पाच वर्षांचं, जमिनीत लावलेलं आणि धडधाकट हवं. डिसेंबरच्या सुरुवातीला पाणी बंद करा. पानं मलूल होतात, थोडी पिवळी होऊन गळतात. काळ्या जमिनीत याला सहा आठवडेही लागतात, मुरमाड जमिनीत लवकर होतं. चौथ्या हिश्शाच्या आसपास पानगळ झाली की थांबायचं. आळं हलकं चाळायचं, दोन-तीन पाट्या शेणखत घालायचं आणि पहिलं पाणी अगदी हलकं द्यायचं. चार-पाच दिवसांनी दुसरं थोडं जास्त, मग नेहमीसारखं. पहिल्याच दिवशी पाइप सोडून दिला तर फुलं येतात आणि गळतात. हाच आंबे बहार, म्हणजे थंडीअखेर आणलेला फुलोरा. कुंडीतल्या लिंबाला किंवा लहान रोपाला असा ताण देऊ नका, बिचारं मरेल.

द्राक्ष. नाशकात घरच्या मांडवावर द्राक्षवेल नसेल तर नवल. इथे मी स्वतः शेण खाल्लंय. जानेवारीत वेल छाटावी असा व्हिडिओ पाहिला आणि मोठ्या उत्साहाने सगळ्या काड्या दोन डोळ्यांवर आणल्या. तो व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशातला होता. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे त्याच वेळी तिच्या अंगावर घड असतात. पालवी आली उशिरा आणि घड लागले मोजून दोन. आपली पद्धत दोन छाटण्यांची आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. ऑक्टोबरात फळछाटणी, घडासाठी. बागलाणातले शेतकरी लवकर माल काढायचा म्हणून त्याहून आधी छाटतात, तो त्यांचा धंदा. घरच्या वेलीला ऑक्टोबर ठीक. थंडीत कैचीला हात लावायचा तो फक्त रोगट पानं काढायला आणि घडावर ऊन-वारा खेळता ठेवायला. पारा दहाच्या खाली गेला की मण्यांची फुगवण मंदावते, हे डोळ्यांना दिसतं. ऊब आली की ती पुन्हा सुरू होते, मध्येच पाणी वाढवून काही होत नाही. उलट मण्यांना तडे जातात.

पेरूला या दिवसांत वाफसा पाहून पाणी द्या आणि पोपटांपासून वाचवायला फळांना कागदी पिशव्या बांधा. नवं रोप घ्यायचं असेल तर सरदार, म्हणजेच लखनौ ४९, मागा. नाव लखनौचं असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडच्या बागेतली आहे. डाळिंब घरी लावू नका असं मी म्हणणार नाही, पण तेल्या, म्हणजे पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा रोग, आला तर माझ्याकडे येऊ नका.

सफरचंदाचं रोप मला एका रोपवाटिकेत "कमी थंडीत येतं, एचआरएमएन ९९ आहे" म्हणून विकलं गेलं. ही जात खरी आहे, हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात हरिमन शर्मांनी विकसित केलेली. माझ्या रोपाला मात्र चार वर्षांत फक्त पानं आली. तेवढ्या पैशांत दोन पेरू झाले असते.

सहावं काम: खोडाला बोर्डो

आंबा, लिंबू आणि डाळिंबाच्या खोडाला जमिनीपासून दोन-तीन फूट बोर्डो पेस्ट लावली की बुरशीचा आणि डिंक्याचा, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचा, त्रास कमी होतो. घरच्या चार झाडांना १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरतं. दोन प्लॅस्टिकच्या भांड्यांत अर्धं-अर्धं पाणी घ्या, एकात मोरचूद विरघळवा, दुसऱ्यात चुना. चुना फसफसून गरम होतो, तो थंड होऊ द्या आणि मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतून ढवळा. आकाशी रंगाची खीर होते. लोखंडी बादली वापरू नका. आता त्यात एक स्वच्छ खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा घाला आणि पुन्हा बघा. खिळा जसाच्या तसा निघाला की ब्रशने लावून टाका. पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर वर पिठ्या ढेकूण असणारच. मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला राखतात. खोडाला वीतभर रुंद प्लॅस्टिकचा पट्टा बांधा आणि त्यावर ग्रीस चोपडा. मावा ढगाळ हवेत वाढतो, मेथी-शेवंतीच्या शेंड्यांवर काळे-हिरवे ठिपके दिसले की पाण्याचा जोरकस फवारा मारा, सकाळीच.

सातवं काम: लाटेची रात्र

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळपासून कान गार पडत असतील, ती रात्र धोक्याची. दिवसभराची ऊब अशा रात्री वर निघून जाते आणि जड, गार हवा सखल जागी साचते. म्हणून नदीकाठच्या आणि खोलगट प्लॉटवर गारठा जास्त. केळ, पपई आणि या वर्षी लावलेल्या आंब्याच्या रोपावर जुनी साडी किंवा गोणपाट घाला. चार काठ्या रोवून वरून टाका, पानाला चिकटू देऊ नका. प्लॅस्टिक नको. सकाळी ऊन आलं की ते काढायचं, विसरायचं नाही. जमिनीतल्या या लहान झाडांना त्या दिवशी दुपारी आळ्यात हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सावकाश सोडते. वर पाणी कमी करा म्हटलं होतं त्याला एवढा एकच अपवाद, आणि तोही कुंड्यांना लागू नाही. पान करपलं तरी लगेच कापू नका, तेच करपलेलं पान खालच्या डोळ्याला पांघरूण होतं.

द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात ते पाहून घराच्या अंगणात पालापाचोळा जाळायची गरज नाही. बदामाची लालभडक पानं या दिवसांत गल्लोगल्ली पडतात. ती पोत्यात भरा, वर थोडं शेणपाणी शिंपडा आणि पोतं कोपऱ्यात ठेवून द्या. पावसाळ्याच्या तोंडाला काळंभोर पानखत तयार मिळतं.

संक्रांतीनंतर

सगळ्यात आधी शिडी लावून झाडांतला मांजा काढा. नायलॉनचा असेल तर एकेक तुकडा, पक्षी अडकतात.

मग मोगरा. डिसेंबरपासून त्याचं पाणी तोडलेलं असतं, पानं पिवळी पडलेली असतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा, फांद्या निम्म्याने छाटा, वरची दोन इंच माती उकरून बाजूला करा आणि मुळांना आठवडाभर ऊन लागू द्या. आमच्याकडे रथसप्तमीला त्याच्या आळ्यात शेणखत घालतात आणि पहिलं पाणी देतात, अर्धा तांब्या. दुसरं पाणी फुटीचे लाल ठिपके दिसल्यावर.